मॉरिशसला जानेवारीत नको, ऑक्टोबरात ये

क्वात्र बोर्न, मॉरिशस
१२ ऑगस्ट

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

काकूंना घेऊन जानेवारीत येतोयस हे वाचून फार आनंद झाला. पण तिकिटं काढायची थांब. तुम्ही ऑक्टोबरात यावं असं मला मनापासून वाटतं.

इथल्या उन्हाळ्याची सरासरी २४.७ अंश आणि हिवाळ्याची २०.४. एवढासा फरक बघून लोक म्हणतात, कधीही या. पण इथे खरा कारभार वाऱ्याचा. मकरवृत्त जवळ, ऋतू आपल्या उलटे, त्यामुळे आत्ता भर हिवाळा आहे. आग्नेयेकडून व्यापारी वारे येतात, मधल्या पठारावर चढतात आणि पाऊस तिथेच ओतून मोकळे होतात. पठारावर वर्षाला ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस, तर पश्चिम किनाऱ्यावर १,०००च्याही आत! महाबळेश्वरात चिंब व्हावं आणि वाईला उतरताच ऊन लागावं, अगदी तसं. पठारावरच्या क्यूरपीपला स्वेटर घालून निघालेला माणूस तासाभरात पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक आँ फ्लाकला समुद्रात पोहत असतो. पूर्वेचा बेल मार किनारा सुंदरच आहे, पण वारा थेट अंगावर येतो. काकूंसाठी खोली पश्चिमेलाच घेऊ.

जानेवारीत दमट उकाडा आणि चक्रीवादळांचा मोसम. दरवर्षी वादळ बेटावर आदळतं असं नाही. पण १९६०च्या कॅरोल वादळाने इतकी घरं पाडली की त्यानंतर लोक काँक्रीटची बांधू लागले. १९७५च्या जर्वेजमध्ये वाऱ्याचे झोत ताशी २८० किलोमीटरवर गेले होते. जानेवारी २०२४मध्ये बेलाल आलं तेव्हा राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या वाहून गेल्या. वादळाचा इशारा तिसऱ्या पातळीवर, म्हणजे 'क्लास ३'वर गेला की सगळं बंद, माणसं घरात. तरी हाच पाऊस मार ओ वाक्वा हा पिण्याच्या पाण्याचा तलाव भरतो, म्हणून लोक त्याला भितात आणि त्याची वाटही बघतात. मला हे फार भिडतं.

ऑक्टोबर मात्र वर्षातला सर्वांत कोरडा महिना. ऊन कोवळं, ऊसतोडणी जोरात.

आणि पुढच्या वर्षी पुन्हा गणपतीत या. इथल्या मराठी घरांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर आले. चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. कोकणात भिजत विसर्जन करणाऱ्या काकूंना इथली कोरडी, गार हवा नवलाची वाटेल.

रजेचं या आठवड्यातच विचार. काकूंसाठी एक पातळ शाल आण, पठारावर लागेल.

तुझा,
विनय