पाच टक्क्यांची माणसं

प्रिय बाळ,

काल रात्री तुझा फोन झाल्यावर मला झोप लागली नाही. तुझी आई म्हणाली एवढं काय त्यात, एका कंपनीने काढलं तर दुसरी मिळेल, पोरगी हुशार आहे. ते मलाही माहितीये. मला डाचत राहिलं ते तुझं एक वाक्य, तू म्हणालीस की अण्णा लिंक्डइनवर माझे बाराशे लोक आहेत आणि त्यातल्या एकालाही फोन करायची माझी हिंमत होत नाहीये, आणि नेटवर्किंग म्हणजे काम पडलं की गोड बोलायचं, ते मला खोटं वाटतं, मला जमत नाही. फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही म्हणून सकाळी उठून टाईप करत बसलोय. मोठं होईल, चहा घेऊन निवांत वाच.

३२ वर्षं मी एलआयसीची एजन्सी केली, म्हणजे आपलं घर ओळखीवरच चाललं. पण आमच्यात तेव्हा कमिशन कसं मिळायचं हे मी तुला कधी सांगितलं नाही बहुतेक. लांब मुदतीच्या पॉलिसीला पहिल्या वर्षी हप्त्याच्या २५ टक्क्यांपर्यंत, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात, आणि चौथ्या वर्षापासून ५ टक्के मिळायचे. आता सांग नवीन एजंट काय करेल? नवीन माणूस शोधत पळेल. मीपण तेच केलं, पहिली चार वर्षं लुनावर बसून आपल्या सांगलीतलं विश्रामबाग, मग मिरज, माधवनगर, कुपवाड एमआयडीसी, खिशात कार्डं आणि पिशवीत नवीन पॉलिसीचे प्रपोजल फॉर्म, संध्याकाळी घरी आलो की आज किती नवीन लोक भेटले ते मोजायचो. जुन्या गिऱ्हाइकाकडे जायचं म्हणजे पेट्रोल फुकट असं वाटायचं मला.

कुपवाडला एका कारखान्यात एक टर्नर होता, माझ्याच वयाचा, नुकतंच लग्न झालेलं. त्याने पॉलिसी घेतली, सहामाही हप्ता, दोन वर्षं अगदी वेळेवर भरला. मग कारखान्यातलं काम कमी झालं, ओव्हरटाईम बंद झाला आणि त्याचा हप्ता थकला. माझ्या ड्यू लिस्टमधे, म्हणजे हप्ता यायचा असलेल्यांच्या यादीत, त्याचं नाव होतं, मी बघितलं होतं, आणि तरी गेलो नाही कारण त्या हप्त्यावर मला तीसेक रुपये मिळणार होते आणि त्याच दिवशी मिरजेत एक नवीन पार्टी होती. महिन्याची मुदत संपली, पॉलिसी लॅप्स झाली. पुढच्या पावसाळ्यात तो रस्त्यावर अपघातात गेला. पंधरा दिवसांनी त्याची बायको पॉलिसीचा कागद, म्हणजे बाँड, घेऊन आपल्या दारात आली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवला होता त्याने. तेव्हाच्या नियमाने तीन वर्षांचे हप्ते पूर्ण झालेले नसले की बंद पडलेल्या पॉलिसीवर काही मिळत नाही, ते मला तिला सांगावं लागलं. ती रडली नाही, एवढंच म्हणाली, भाऊ तुम्ही का आला नाही हो, ते म्हणायचे एजंट आला की भरून टाकतो.

बाळ, हे मी तुझ्या आईशिवाय आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी ती निळी डायरी केली, जी तू लहानपणी खडूने रंगवली होतीस. प्रत्येक माणसाला अर्धं पान, पॉलिसी नंबर, हप्त्याची तारीख, नॉमिनी, आणि खाली मागच्या वेळी तो काय बोलला होता ते. मुलीची दहावी आहे, वडलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, बागेवर करपा पडलाय, असं. आणि शनिवार ठरवला की त्या दिवशी पिशवीत एकपण फॉर्म नाही. फॉर्म असला की नजर आपोआप तिकडे जाते गं, समोरचा बोलत असतो आणि आपण मधे कुठे फट मिळते ते बघत असतो, आणि समोरच्याला ते कळतं, प्रत्येकाला कळतं. फॉर्म नसला की माणूस ऐकतो. पहिलं वर्ष माझी कमाई खरंच कमी झाली, तुझ्या आईने शिवणकाम वाढवलं तेव्हा. पण पुढे त्या ५ टक्क्यांचाच ओघ एवढा झाला की तुझी वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची चारी वर्षांची फी त्यातून गेली, मला नवीन कोण सापडतंय म्हणून पळावं लागलं नाही, लोक स्वतःहून भावाला, मेव्हण्याला घेऊन येत होते.

तुझे ते बाराशे लोक म्हणजे माझी पहिली चार वर्षं आहेत असं मला वाटतं. कनेक्ट दाबलं, समोरच्याने घेतलं, आकडा वाढला, बरं वाटलं. ते २५ टक्केवालं सुख असतं. त्याच्यापुढचं काम कमी पैशाचं, कुणी बघत नाही, आकडा वाढत नाही, म्हणून कुणी करत नाही. तुला खोटं वाटतं ते बरोबरच आहे, कारण तू जे बघितलंस ते खोटंच होतं, त्या बाणेरच्या मीटअपला तीस जणांनी एकमेकांचे क्यूआर स्कॅन केले आणि दुसऱ्या दिवशी कुणाला कुणाचं तोंड आठवत नव्हतं, तूच सांगितलंस मला. पुढच्या वेळी तीस नको, दोन जणांशी बोल, पण नीट बोल, तो सध्या कुठल्या गोष्टीवर अडकलाय ते विचार, आणि घरी येऊन लिहून ठेव. आठवड्याने त्याच्या कामाचं काही वाचण्यात आलं तर पाठव, नाही आलं तर नको पाठवू, उगाच गुड मॉर्निंग तर अजिबात नको.

आता ज्यांना तू आपला स्पर्धक समजतेस त्यांच्याबद्दल सांगतो. तू म्हणालीस माझी सगळी बॅच आता तेच जॉब शोधतेय, त्यांना काय विचारणार. गणपती पेठेत दुसरे एक एजंट होते, तू त्यांना काका म्हणायचीस. एकदा त्यांचा एक गिऱ्हाईक माझ्याकडे आला, दुकानदार, म्हणाला त्यांच्याकडची जुनी पॉलिसी सरेंडर करतो, म्हणजे मुदतीआधीच मोडून पैसे घेतो, आणि तुमच्याकडे नवीन घेतो. मला आयतं कमिशन होतं. पण जुनी पॉलिसी मधेच सरेंडर केली की भरलेल्यापेक्षा बरेचदा कमीच हातात येतं, वरून वय वाढलेलं म्हणून नवीन हप्ता जास्त. मी त्याला कागदावर हिशोब मांडून दाखवला, परत पाठवला, आणि त्या एजंटना फोन केला की तुमचा माणूस नाराज आहे, जाऊन भेटा. तेव्हा आमची ओळख म्हणजे ब्रँचमधे नमस्कार एवढीच होती. २०११ ला मी मिरजेत दोन महिने ॲडमिट होतो, तुझं तेव्हा शाळेचं वर्ष होतं, तर हा माणूस माझी ड्यू लिस्ट घेऊन माझ्या गिऱ्हाइकांचे हप्ते गोळा करत फिरला. त्यातला एकही माणूस त्याने स्वतःकडे वळवला नाही, रोज संध्याकाळी पावत्या आईकडे आणून द्यायचा. मी त्याला कधी उपकार केले म्हणून हिशोब ठेवला नव्हता, त्यानेपण नाही. तर तुझ्या बॅचमधल्या कुणाला सूट होईल अशी जागा तुझ्या नजरेत आली, तुझ्या कामाची नसली, तर आजच पाठवून दे. तुझ्याच कामाची असली तर अवघड आहे, तिथे मी तुला काही शिकवत नाही, तुझं तू ठरव, फक्त विचारलं तर खोटं बोलू नकोस.

अजून एक. एकदा आमच्या ट्रेनिंगला एका प्राध्यापकांनी सांगितलेलं मी डायरीत उतरवून ठेवलंय. मार्क ग्रॅनोव्हेटर म्हणून अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांचा १९७३ चा लेख आहे. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात ज्यांना ओळखीतून नोकरी लागली होती त्यांना त्यांनी विचारलं की ज्याने सांगितलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा. तर वारंवार भेटणारा होता असं म्हणणारे १७ टक्क्यांच्या आत निघाले, कधीमधी भेटणारा म्हणणारे ५५ टक्क्यांच्या वर, आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी म्हणणारे जवळपास २८ टक्के. कारण सोपंय, रोजच्या माणसांना जे माहीत ते आपल्यालाही माहीत असतं, लांबच्या माणसाकडे दुसऱ्या गल्लीची बातमी असते. माझ्या पॉलिसी पण तशाच यायच्या, सख्ख्या मित्रांकडून फार कमी, टेलरच्या व्याह्याकडून, मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्याच्या दिवाणजीकडून.

म्हणून मी म्हणतो तुझ्या त्या पहिल्या मॅनेजर मॅडमना फोन कर. तू म्हणालीस चार वर्षं बोलले नाही, आता काम पडल्यावर कसं तोंड दाखवू. अगं, आमच्याकडे लॅप्स झालेली पॉलिसीसुद्धा पाच वर्षांच्या आत चालू करता येते, थकलेले हप्ते व्याजासकट भरायचे आणि तब्येतीचं खरं-खरं लिहून द्यायचं. तसंच कर. आधी हवापाण्याच्या गप्पा आणि मग हळूच मुद्द्यावर येणं हे मला तरी पटत नाही, समोरच्याचा अपमान असतो तो. सरळ सांग की मॅडम चार वर्षांत मी फोन केला नाही, माझं चुकलं, माझी नोकरी गेलीये, आणि तुम्ही मला प्रॉडक्शनचा, म्हणजे चालू सॉफ्टवेअरचा, घोळ झाला होता त्या रात्री जे शिकवलं होतं ते मी अजून वापरते. ते शेवटचं खरं आहे ना? तूच मला सांगितलं होतंस, त्या रात्री दोन वाजेपर्यंत त्या तुझ्याबरोबर कॉलवर बसल्या होत्या. मग ते त्यांना माहीत नको का? आणि नोकरी मागू नकोस, अर्धा तास माग, माझ्यासारखीला आता कुठलं काम जमेल असं विचार. नोकरी द्यायची त्यांच्या हातात नसेल, आणि नाही म्हणायला त्यांना अवघड वाटेल, सल्ला द्यायला कुणालाच अवघड वाटत नाही. त्यांनी कुणाचं नाव दिलं तर त्या माणसाशी काय बोलणं झालं ते परत फोन करून त्यांना कळव. हे निम्मे लोक करत नाहीत. दुवा लावून देणारा वाट बघत बसतो की पुढे काय झालं.

त्या नाहीसुद्धा म्हणतील कदाचित. तेपण होतं, मनाला लावून घेऊ नकोस.

२०१९ चा पूर तुला आठवतोय, तू पुण्यात अडकली होतीस आणि रडत फोन करत होतीस. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५, मारुती रोडवर होड्या. पाणी ओसरल्यावर लोकांच्या घरात नुसता चिखल, कपाटातल्या कागदांचा लगदा. मी डायऱ्या माळ्यावर टाकल्या होत्या. त्या घेऊन गावभागात घरोघरी गेलो, कुणाला पॉलिसी नंबर लिहून दिला, कुणाचा डुप्लिकेट बाँडचा अर्ज भरून दिला. काही लोक माझे गिऱ्हाईक पण नव्हते. एका घरात ती कुपवाडची बाई भेटली, आता तिचा मुलगा मोठा झालाय, भाड्याने तिथे राहायला आले होते. तिने मला ओळखलं. चिखल काढायचं थांबवून तिने मला काळा चहा करून दिला, कपाला कान नव्हता, आणि म्हणाली, भाऊ यावेळी आलात. मी त्या मुलाचे कागद केले, तेव्हापासून दर दिवाळीला जातो, पॉलिसीचा विषय मी काढत नाही.

असो. शुक्रवारच्या ट्रॅव्हल्सने डबा पाठवतोय, वाकडला सकाळी सहाला येते, ड्रायव्हरचा नंबर रात्री टाकतो. भडंग आहे, हळद आहे, आईने मेतकूट केलंय. भडंगाचं एक पाकीट जास्त ठेवलंय, तुझ्या जुन्या टीममधली ती टेस्टिंगवाली पोरगी, आपल्याकडे आली होती तेव्हा परातभर खाल्लं होतं तिने, तिला नेऊन दे. आणि मॅडमशी बोललीस की मला सांग, काय म्हणाल्या ते.

तुझे
अण्णा