ठाण्याची माणसे ठाण्यात दिसू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्तमानपत्रात चित्रकलेची बातमी येते ती बहुधा लिलावात कोणते चित्र किती कोटींना गेले, एवढ्यापुरती. हे पत्र चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांतल्या माणसांविषयी आहे.

मी ठाण्याची. तीस वर्षे सकाळच्या लोकलने परळला नोकरीला गेले. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात 2019च्या अखेरीस पटवर्धनांच्या आजवरच्या कामाचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले, ते पाहायला मुद्दाम काळा घोड्याला गेले. रोज ज्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले, पण ज्यांच्या तोंडाकडे कधी नीट पाहिले नाही, अशी माणसे तिथे भिंतीवर होती.

पटवर्धन 1949चे, पुण्याचे. शिक्षण वैद्यकीय, चित्रकलेचा कॉलेजात जाऊन केलेला अभ्यास नाही. 1975 ते 2005 त्यांनी ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट म्हणून काम केले आणि त्याच काळात चित्रेही काढली. मला हे फार महत्त्वाचे वाटते. रोज माणसांच्या हाडा-फुप्फुसांचे फोटो तपासणाऱ्याला शरीर किती झिजते हे ठाऊक असते. सेझान आणि लेजे हे त्यांच्या आवडीचे फ्रेंच चित्रकार. आकृतीचा भरीवपणा तिकडून आला असेल. थकवा मात्र इथला, आपला आहे. ‘इराणी रेस्टॉरंट’ (1977) या चित्रातला माणूस बघा. त्याला नायक केलेले नाही की त्याची कीवही केलेली नाही. तो बसला आहे, आणि त्याच्या बसण्याला वजन आहे. पुढे गिरण्या संपत आल्या तेव्हाचे ‘लोअर परळ’ (2001) आले. ‘पोखरण’ या चित्राला तर आपल्या ठाण्यातल्या पोखरण रस्त्याचेच नाव आहे.

माझ्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंना मी पटवर्धनांच्या चित्रांचे पुस्तक दाखवले. पीठाचे हात पदराला पुसून त्यांनी पाने उलटली. “ही आमच्या वागळे इस्टेटीकडचीच की,” म्हणाल्या. मग विचारले, “हे लावलंय कुठं? पोरांना दाखवते.” ठाण्यातला एकही पत्ता मला सांगता आला नाही.

खुद्द पटवर्धनांनी 2008-09 मध्ये ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन चित्रांचे प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहराशहरांत नेले होते. चित्रे लोकांपर्यंत गेली पाहिजेत, ही तळमळ एका चित्रकाराने आपल्या परीने निभावली. आता महापालिकेने पुढे यावे. ठाण्यात त्यांच्या चित्रांचे एक कायमचे दालन करावे. मूळ चित्रे मिळणे अवघड असेल तर त्यांच्या परवानगीने उत्तम मोठ्या प्रती लावाव्यात. जागा स्टेशनपासून चालत जाण्याजोगी असावी. तिकीट नको. आणि दालन रात्री नऊपर्यंत उघडे ठेवा, कारण या चित्रांतली माणसे घरी परततात ती त्याच सुमारास.

आपली,
एक वाचक, ठाणे