उदगीरच्या सीडीवाल्या अण्णांना, त्या दोन जादा सीड्यांसाठी

अण्णा, नमस्कार.

तुमचं दुकान बंद होऊन लई वर्षं झाली, नंबर कुणाकडंच सापडंना, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहायलोय, उदगीरचं कुणी ओळखीचं वाचलंच तर तुमच्यापर्यंत पोचवतील.

२००५ चा उन्हाळा आठवतोय का? आमच्या ताईच्या लग्नात घाणा भरायच्या दिवशी आजी जात्यावर बसली आणि एकामागं एक ओव्या म्हणत गेली, शूटिंगवाल्यानं कॅमेरा बंदच केला नाही. तेवढाच भाग भरला ८० मिनिटं ४० सेकंद. बारा पाहुण्यांना एकेक सीडी द्यायची होती. आधी ज्या दुकानात गेलो तिथं म्हणले, शेवटचं कापून टाका, ४०-५० सेकंदानं काय होतंय. पण त्या शेवटालाच आजीनं माझ्या आईचं नाव घेऊन ओवी म्हणली होती, सुनेच्या नावाची पहिली आणि एकच. आई म्हणली, कापायचं असंल तर सीडीच नको.

तिथून मी तुमच्याकडं आलो. फाईल ८०४ एमबीची, सीडी ७०० ची, मला वाटलं तुम्ही पण नाहीच म्हणणार. तुम्ही बिलबुकाचं पान उलटं केलं आणि पेननं हिशोब मांडला. ८० मिनिटांची सीडी, सेकंदाला ७५ सेक्टर (डेटाचे छोटे छोटे कप्पे), म्हणजे ३ लाख ६० हजार सेक्टर. एका सेक्टरात जागा २३५२ बाइटची, पण साध्या डेटा सीडीत आपल्या वाट्याला २०४८ च येतात, कारण २७६ बाइट चूक दुरुस्त करायला राखून ठेवलेले असतात आणि थोडे सेक्टरच्या पत्त्याबित्त्याला जातात. व्हीसीडीत, म्हणजे टीव्हीच्या प्लेअरवर चालणाऱ्या व्हिडिओ सीडीत, ती २७६ ची राखण काढून टाकतात, मग सेक्टरमागं २३२४ मिळतात, म्हणजे त्याच सीडीवर ७०३ च्या जागी जवळजवळ ७९८ एमबी. मी विचारलं, मग सगळंच असं कामून लिहीत नाहीत? तुम्ही म्हणलात, चित्रात एखादा ठिपका चुकला तर डोळ्याला कळत पण नाही, गाण्याच्या सीडीत असते ती खालची दुरुस्ती असतेच, पण झिप फाईलचा एक बाइट जरी चुकला तरी ती बिघडू शकते. मला कॉलेजात शिकवलेलं त्यातलं आता फारसं आठवत नाही, पण ते बिलाचं पान जसंच्या तसं आठवतंय.

तरीपण ४०-५० सेकंद उरतच होते. बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारा डेटा, कमी करायला तुम्ही तयार नव्हता, व्हीसीडीचं माप मोडलं तर गावाकडचे प्लेअर घेतील का नाही याचा भरवसा नाही म्हणून. मग ओव्हरबर्न. सीडीवर ८० मिनिटं लिहिलेलं असलं तरी लिहायची खाच तिथंच संपत नाही, कंपनी पुढं थोडी जागा सोडते, शेवटी लीड-आऊट, म्हणजे सीडी संपल्याची खूण सांगणारा पट्टा, लिहायला लागतो म्हणून, त्या जागेत आपला व्हिडिओ सरकवायचा आणि लीड-आऊट आखूड करायचा. कुठल्या सीडीत किती जादा जागा निघंल ते पाकिटावर कुठंच नसतं. तुम्ही तीन कंपन्यांच्या कोऱ्या सीड्या काढल्या, पहिल्या दोन शेवटाला येऊन एरर देऊन वाया गेल्या, त्याचे पैसे पण तुम्ही घेतले नाहीत. तिसरी बसली. मग डिस्क-अ‍ॅट-वन्स, म्हणजे अख्खी सीडी न थांबता एका दमात लिहायची, ८ एक्सचा स्पीड, एकेका सीडीला दहा-अकरा मिनिटं, बारा सीड्या, आणि तेव्हाचं लोडशेडिंग तर तुम्हाला माहितीच आहे, मधी लाईट गेली की सीडी गेलीच, म्हणून तुम्ही रात्री लाईट आल्यावर शटर अर्धं ओढून बसलात आणि इन्व्हर्टरवर तो एकच पीसी ठेवला.

एवढ्यावर पण मी आभार मानलेच असते. पण मला लिहायचंय ते पुढचं.

सकाळी सीड्या घ्यायला आलो तर बाराच्या जागी चौदा होत्या. मी म्हणलं, अण्णा, ह्या दोन कशाच्या? तुम्ही म्हणलात, त्या बारा बघायला, ह्या दोन ठेवायला. फाईल तुम्ही दोन ओव्यांच्या मधल्या थांब्यावर कापून अर्धी-अर्धी केली होती आणि साध्या डेटा सीडीवर लिहिली होती, २७६ बाइटच्या राखणीसहित. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळं अर्धीच भरली की कडेचा पट्टा कोरा राहतो, उजेडात धरून तो रंगातला फरक पण दाखवलात, आणि म्हणलात बोटं, ओरखडे, सगळं आधी कडेलाच लागतं, दाबून भरलेल्या सीडीत तुमच्या आईची ओवी नेमकी तिथंच आहे. वरून कागदी लेबल लावू नको, मार्करनं लिहायचं तर मधल्या गोलाजवळ लिही, कारण ज्यात सगळं लिहिलेलं असतं तो पातळ थर वरच्या बाजूनं लाखेच्या मुलाम्याखालीच असतो. पैसे विचारले तर हातानंच नको म्हणलात.

आजी २०११ ला गेली. मागच्या महिन्यात आईला ते बघायचं होतं. आमची व्हीसीडी ७९ मिनिटांच्या पुढं अडकली, मामाकडची मागवली ती पण कडेलाच अडकली, आत्याकडं तर सीडीच सापडंना. आई काही बोलली नाही, उठून आत गेली. मग कपाटातनं तुमच्या त्या दोन सीड्या काढल्या, मित्राचा जुना यूएसबीवाला ड्राइव्ह आणला आणि पहिली लावली, दुसरी लावली, दोन्ही शेवटपर्यंत कॉपी झाल्या, एक पण एरर नाही. जातं थांबतं, आजी पदरानं तोंड पुसते, आईकडं बघते आणि ओवी म्हणते. आईनं ते चार वेळा लावायला लावलं.

अण्णा, मी सांगितलं नव्हतं, मागितलं नव्हतं, मला त्यातलं कळत पण नव्हतं, तरी तुम्ही ते केलंत. लई लई आभार. एका पेन ड्राइव्हवर तुमच्यासाठी पण कॉपी काढून ठेवलीय. कुठं असता तेवढं कळवा, आई म्हणायलीय आपणच जाऊन देऊ.