ताप आणि ७५ टक्के हजेरी : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : फ्लूच्या साथीत हजेरीच्या अटीतून सवलत मिळण्याबाबत.

महोदय,

मी पुण्यातल्या एका कॉलेजात शिकवतो आणि मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टरही आहे. पावसाळा सरत आला की फ्लू येतो आणि त्याच्या मागोमाग परिपत्रक : हात धुवा, शिंकताना रुमाल धरा, गर्दी टाळा, लक्षणं असल्यास खोलीतच थांबा. मी ते मेसच्या दारावर चिकटवतो. शेजारीच ७५ टक्क्यांपेक्षा कमी हजेरी असलेल्यांची डिफॉल्टर यादी लावलेली असते. मुलं यातला कुठला कागद मनावर घेतात, हे आपल्याला सांगायला नको.

खोलीत थांबलं की गैरहजेरी लागते. ती माफ व्हायला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. मग अंगात १०२ ताप असलेलं पोरगं बसनं दवाखाना गाठतं, तिथं बाकावर तासभर खोकत बसतं, सर्टिफिकेट घेतं आणि कॉलेजच्या खिडकीशी रांगेत उभं राहतं, कारण क्लार्कला ओरिजिनल प्रत हवी असते. बरीच मुलं एवढी यातायात करतच नाहीत. क्रोसिन घेतात आणि जर्नलवर सही घ्यायला प्रॅक्टिकलला हजर होतात. गोळीनं ताप उतरतो, पण संसर्ग पसरायचा थांबत नाही. लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढं पाच-सात दिवस फ्लूचा रुग्ण इतरांना आजार देऊ शकतो.

आपल्याकडे फ्लू जोर धरतो तो जानेवारी ते मार्च आणि पुन्हा पावसाळ्याच्या उत्तरार्धात. अंतर्गत परीक्षा आणि सबमिशन नेमकी याच सुमारास येतात. २०२३ च्या मार्चमध्ये एच३एन२ हा फ्लूचा विषाणू पसरला तोही परीक्षांच्याच दिवसांत.

२००९ चा ऑगस्ट पुणेकर विसरलेले नाहीत. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला बळी, १४ वर्षांची शाळकरी मुलगी, याच शहरातली. नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या, शाळा-कॉलेजं बंद झाली. तसं पुन्हा करा, असं माझं म्हणणं नाही. कॉलेज बंद झालं की वसतिगृहातली मुलं बॅगा भरून एसटी पकडतात आणि साथ सोबत घेऊन गावी जातात. सरसकट सुट्टीपेक्षा आजारी असलेल्याला बिनधास्त झोपून राहता येणं जास्त उपयोगाचं.

म्हणून मागणी साधी आहे. साथीच्या काळात विद्यार्थ्यानं स्वतः लिहून दिल्यावर पाच दिवसांची आजारपणाची सवलत मिळावी, सर्टिफिकेट न मागता. खोटं बोलतील? काही बोलतील. आजही कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून हवं तसं सर्टिफिकेट मिळतंच की! बुडालेली अंतर्गत परीक्षा नंतर देता यावी. ताप औषधाशिवाय उतरून २४ तास झाले की मुलानं वर्गात यावं.

वसतिगृहाचं दुखणं आणखी वेगळं आहे. माझ्याकडे एका खोलीत तीन कॉट आहेत, दोन कॉटमध्ये जेमतेम एक ट्रंक मावते. एकाला ताप आला की त्याला कुठं हलवू? दर वसतिगृहात एक-दोन खोल्या मोकळ्या राखायचा आदेश निघाला, तर व्यवस्थापन त्या भरायला मागणार नाही. आजाऱ्याचा डबा खोलीवर पोचवायची सोय हवी. आणि दम लागलेल्या किंवा दम्याचा त्रास असलेल्या पोराला रात्री दोन वाजता न्यायला गाडी हवी. ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत दिलं तर खरा उपयोग होतो, सकाळची वाट बघण्यात वेळ जातो.

लसीचंही तेच. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था पुण्यात, नाकावाटे घ्यायची स्वाइन फ्लूची लस २०१० मध्ये पुण्यातच तयार झाली, आणि आमच्या मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशींना फ्लूची लस कधी कुणी विचारलेली नाही.

हजेरीचे नियम विद्यापीठाची विद्या परिषद करते, हे मी जाणतो. पण आपल्या विभागाचं पत्र आलं की विद्या परिषद किती चपळाईनं हलते, तेही पाहिलं आहे. ते पत्र पावसाळी सत्र सुरू होण्याआधी निघावं, ही विनंती.

आपला,
एक रेक्टर, पुणे