आधी नोंदी, मग नाव

प्रिय सई,
अनेक आशीर्वाद.

“मी ऑटिस्टिक आहे म्हणूनच मला आतून प्राणी असल्यासारखं वाटत असेल, म्हणजे मी थेरियन नाहीच,” हे तुझं कालच्या मेसेजमधलं वाक्य मनातून जात नाही. ते ‘म्हणजे’ मला पटत नाही. एखादी जाणीव ऑटिझममुळे आली असली, तरी ती खोटी ठरत नाही. ‘सोसायटी अँड अ‍ॅनिमल्स’मध्ये २०१९ साली आलेल्या अभ्यासात थेरियन लोकांचे, म्हणजे आपण आतून एखादा प्राणी आहोत असं जाणवणाऱ्यांचे, ऑटिझमच्या चाचणीतले गुण इतरांपेक्षा जास्त होते. त्यातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. दोन्ही एकाच माणसात असू शकतात.

झोप होते ना तुझी?

तपासायचंच असेल तर नीट तपास. शिफ्ट आली, म्हणजे प्राणी असल्याची जाणीव एकदम वाढली, की तारीख, वेळ, आधी काय घडलं, आवाज-उजेड किती होता, भूक, गोळी कधी घेतली, अंगात नेमकं कुठे काय जाणवलं, किती वेळ टिकलं आणि कशाने ओसरलं, हे लिही. एडीएचडीच्या (लक्ष टिकत नाही त्यावरच्या) गोळीचा असर उतरताना संध्याकाळी चिडचिड, अस्वस्थता वाढू शकते; म्हणून गोळीची वेळ हवीच. दुसऱ्यांचे अनुभव वाचण्याआधी स्वतःचं लिही, नाहीतर त्यांची शेपूट तुला जाणवायला लागेल. ‘तू कुठला प्राणी’ छापाच्या क्विझ तर नकोतच.

गर्दीत गुरगुरावंसं वाटणं हे स्टिमिंग (स्वतःला सावरायला केलेली तीच ती हालचाल किंवा आवाज) किंवा ओव्हरलोडही (आवाज-उजेड असह्य होणं) असू शकतं. दिवसभर मास्किंग केल्यावर, म्हणजे ऑटिझम लपवून इतरांसारखं वागल्यावर, “मी यांच्यातली नाही” असं वाटतं, पण त्यावरून आपण कुठला प्राणी ते कळत नाही. म्हणून शांत, एकटीच्या दिवसांच्या नोंदी जास्त मोलाच्या. त्या दिवशीही कान मागे वळतात का? लांडग्यांचं वेड, म्हणजे तुझा स्पेशल इंटरेस्ट, ओसरल्यावरही ती जाणीव राहते का? आणि ‘नाही’च्या बाजूचे पुरावेही लिही. लहानपणी पाहुणे आले की तू टेबलाखाली बसायचीस आणि दादा तिथेच ताट सरकवायचा. तेव्हा तू कोण होतीस, हे मी सांगू शकत नाही. आता नवल वाटतं ते याचं, की स्वतःच्या निदानासाठी एवढी टिपणं काढणारी मुलगी माझी आहे.

थेरिओटाइप, म्हणजे आपला प्राणी नेमका कोणता ते, ठरवायला काही महिने जाऊ देत. कोल्हा, खोकड, रानकुत्रा यांचंही वर्तन वाच. ‘अल्फा’, म्हणजे कळपावर हुकूमत गाजवणारा लांडगा, ही कल्पना बंदिस्त, एकमेकांशी नातं नसलेल्या लांडग्यांवरून आली. रानातला कळप बहुतेकदा आईवडील आणि त्यांची पिल्लं असा असतो, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनी १९९९ मध्ये मांडलं. लांडग्याच्या चित्रावर भाळून नाव घेऊ नकोस.

पुन्हा तेच, पण झोपेची वेळही नोंदीत असू दे. अपुऱ्या झोपेने जाणिवा विचित्र होतात आणि सगळ्या नोंदींचा अर्थ बिघडतो. मुद्दा तेवढाच नाही, मला भीतीही वाटते. सलग काही रात्री झोपेची गरजच वाटली नाही आणि तरी अंगात उत्साह राहिला, आवाज ऐकू आले, किंवा शरीर खरोखर बदलतंय अशी खात्री वाटू लागली, तर नोंदी बाजूला ठेव आणि लगेच डॉक्टरांकडे जा. तो वेगळा प्रकार असतो, त्यावर उपचार होतात. गोळ्या मनाने बंद करू नकोस. थेरपिस्टला पहिल्याच भेटीत सांग, “माझं शरीर माणसाचं आहे हे मला माहीत आहे, मी ओळखीबद्दल बोलतेय.” प्रौढ ऑटिस्टिक लोकांसोबत काम केलंय का, हेही विचार.

फारच शिकवत बसले, माफ कर. क्वाड्रोबिक्स, म्हणजे प्राण्यांसारखं हातापायांवर धावणं-उड्या मारणं, करतेसच, तर आधी मनगटं मोकळी कर, खाली चटई घे, मनगट दुखलं की थांब. आणि रात्री उशिरा नको, मग झोप येत नाही.

मावशीला मी काही सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव.

तुझी,
आई