साओर्जच्या ताईंना

ताई,

तुम्हाला फ्रेंचमध्ये लिहिलेलं बारा ओळींचं पत्र कधीच पोस्टात पडलं. माझं फ्रेंच तेवढ्यावरच संपतं. पण बाबांचं म्हणणं असं, की बारा ओळींत आभार मानणं म्हणजे कंडक्टरने सुट्टे परत दिल्यासारखं झालं. म्हणून उरलेलं सगळं मराठीत, आणि सगळ्यांसमोर लिहितेय. तुमच्या शेजारच्या घरी कुणी ना कुणी अनुवादक नेहमी राहायला असतो म्हणालात, त्याच्याकडून घ्या वाचून.

आधी वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मी फ्रान्समध्ये नीसजवळ नोकरी करते. जून २०२३ मध्ये बाबा पहिल्यांदा माझ्याकडे आले. समुद्र दोन दिवसांत बघून झाला. "हा आपल्यासारखाच, फक्त भरती-ओहोटी नाही," असा शेरा मारून त्यांनी विचारलं, "इथे घाट कुठाय?" बाबांनी एकतीस वर्षं एस.टी. चालवली, त्यातली बरीचशी वरंधा घाटात. त्यांना मी नीसहून ताँदला जाणाऱ्या रेल्वेत बसवलं. हा मार्ग १९२८ मध्ये सुरू झाला, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी माघार घेताना त्यावरचे पूल उडवले आणि पुन्हा गाडी धावायला १९७९ उजाडलं. बोगद्यातून बाहेर पडलं की दरी, दरी संपली की बोगदा. बाबा खिडकीला नाक लावून बसले होते. फाँताँ-साओर्ज स्टेशन आलं तशी मी त्यांना घाईघाईने उतरवलं. गाडी सुटल्यावर लक्षात आलं, बाबांची पिशवी वरच्या फळीवरच राहिलीय. बीपीच्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या, चष्मा, सगळं तीत.

तिथून साओर्ज गावापर्यंतची चढण बाबांनी एक शब्दही न बोलता काढली. ते चिडले की असंच करतात. पण वळणावर गाव दिसलं आणि ते थांबले. उभ्या कड्याला चिकटून घरं एकावर एक रचलेली, जांभळट दगडी पाटांची छपरं, खाली खोल रोया नदी. ही नदी फ्रान्समध्ये उगम पावते आणि इटलीत समुद्राला मिळते. बाबा म्हणाले, "इथं सिमेंटची गोणी कोण आणून देत असेल?"

तुम्ही आम्हाला भेटलात ते गावाच्या तोंडाशी, ऑलिव्हच्या वाफ्यात. ढासळलेला बांध पुन्हा रचत होतात. माझं मोडकंतोडकं ऐकून घेतलंत, हात पुसलेत, फोन काढलात आणि ताँदला कुणाला तरी लावलात. पाच मिनिटांत पिशवी सापडली. शेवटच्या स्टेशनावर गाडी रिकामी होते, तिथे तुमच्या ओळखीच्या माणसाने ती उतरवून घेतली. मग तुम्ही मला वेळ सांगितलीत.

आता इथे माझ्या कानांचा गुन्हा नोंदवते. फ्रेंचमध्ये सहा वाजता म्हणजे 'सिझर' आणि दहा वाजता म्हणजे 'दिझर'. तुम्ही 'दिझर' म्हणालात, मी 'सिझर' ऐकलं. तुम्ही 'उद्या' सुद्धा म्हणाला असणारच, पण मी आकड्यालाच धरून बसले. सहाच्या गाडीने पिशवी येणार म्हणून आम्ही दिवसभर गाव पाहिलं. सतराव्या शतकातला फ्रान्सिस्कन मठ, त्याच्या अंगणाभोवती संत फ्रान्सिसच्या आयुष्याची भित्तिचित्रं, आणि भिंतींवर सूर्यघड्याळं. बाबांनी प्रत्येक घड्याळाची वेळ स्वतःच्या मनगटाशी ताडून पाहिली आणि "तासाहून जास्त मागं आहे" असा निकाल दिला. उन्हाळ्यात युरोपात घड्याळं एक तास पुढे करतात, हे सांगितल्यावर सूर्याची बाजू घेऊन माझ्याशी भांडले. नीसला परतायची दुपारची गाडी आम्ही समोरून जाऊ दिली, कारण पिशवी सहाला यायची होती ना!

सात वाजले. स्टेशनावर आम्ही दोघं आणि एक मांजर. मला रडू यायच्या बेतात होतं. तेवढ्यात वरच्या रस्त्याने तुम्ही येताना दिसलात. दोन्ही हातांची दहा बोटं वर करून "दीस! दीस!" असं ओरडत. गावात आम्ही दोघं दिसेनासे झालो आणि तुम्हाला काहीतरी चुकलंय असं वाटलं, एवढ्यावरून तुम्ही अर्धा तास उतरून आलात. ताई, माझ्या आभाराचा मोठा वाटा या उतरण्याचा आहे. फोन कुणीही केला असता.

तुमच्या घरात आम्ही शिरलो ते वरच्या गल्लीतून, थेट तिसऱ्या मजल्यावर. तळमजल्याचं दार खालच्या गल्लीत. "मला माळ्यावरून घरात घेतलं," हे बाबा अजून पोलादपुरात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. गावातल्या नर्सबाईंना तुम्ही बोलावलंत, त्यांनी बीपी मोजलं, मी त्यांना गोळ्यांची नावं फोनवर दाखवली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. बाबा मात्र वाटाघाटीला बसले होते. गुरुवार होता, मांस चालणार नव्हतं. तुम्ही पालेभाजी भरलेली भाकरीएवढी पोळी भट्टीतून काढलीत, वर तुमच्याच झाडांचं ऑलिव्हचं तेल. बाबांनी तीनदा घेतली. ते तुम्हाला प्रत्येक वाक्यात "ताई, ताई" म्हणत होते, आणि ते आपलंच नाव आहे असं समजून तुम्हीही स्वतःकडे बोट दाखवून "ताई" म्हणू लागलात. मी दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

त्या रात्री तुम्ही दोघं काय काय बोललात! दुभाषी मी, पण निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. तुमची आई ताँदची. इटलीत जन्मली आणि १९४७ मध्ये सीमा सरकली तशी घर न बदलता फ्रेंच झाली. साओर्ज मात्र १८६० पासूनच फ्रान्सचं. बाबा म्हणाले, आमचंही तसंच, कुलाबा जिल्ह्यात झोपलो आणि रायगड जिल्ह्यात उठलो. मी हे भाषांतर करायचा प्रयत्न केला नाही, तरी तुम्ही हसलात.

मग तुम्ही २ ऑक्टोबर २०२० सांगितलात. "गांधी जयंती," बाबा म्हणाले. अ‍ॅलेक्स वादळाचा तो दिवस. शेजारच्या वेझ्युबी खोऱ्यात एका दिवसात पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. रोयाने रस्ता ठिकठिकाणी गिळला, पूल नेले, आणि वरच्या गावांना कित्येक दिवस पाणी, पाव, औषधं पोचवली ती याच रेल्वेने. पाचशे मिलिमीटर म्हणजे काय ते बाबांना सांगावं लागलं नाही. २००५ चा जुलै त्यांनी महाड आगारात काढला होता. २२ जुलै २०२१ ला तळीये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली, तेव्हा ते निवृत्त होऊन घरी होते. त्यांनी तुम्हाला एकच प्रश्न विचारला, "तुमचा डोंगर सुटत नाही?" तुम्ही उठलात आणि स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर थाप मारलीत. ती भिंत नव्हतीच, अख्खा कातळ होता. मग खिडकीतून खालचे वाफे दाखवलेत आणि म्हणालात, सुटते ती माती, आणि तिच्यासाठी बांध.

सकाळी मी उठले तर तुम्ही दोघं गायब. बांधावर सापडलात. बाबा मांडी घालून दगड निवडत होते. आमच्याकडे याला गडगा म्हणतात. चुना नाही, सिमेंट नाही. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, लांब दगड डोंगरात आत घुसवायचा, फटीत चिपा ठोकायच्या, मागे बारीक खडी भरायची म्हणजे पाणी निथळून जातं आणि भिंत फुगत नाही. हे बाबांनी मला चाळीस वर्षांत सांगितलं नाही, तुम्हाला हाताने दोन मिनिटांत सांगितलं. तुम्हीही तेच करत होतात, फक्त तुमचा हातोडा लहान. याच कलेला २०१८ मध्ये युनेस्कोने वारसा यादीत घेतलं, फ्रान्ससह आठ देशांच्या नावाने, हे मी नंतर वाचून दाखवलं तेव्हा बाबा म्हणाले, "गडग्याला? मग आमच्या आजोबांना कळवायला हवं होतं."

इथे येऊन त्यांना महिना होत आला होता, आणि त्या महिन्यात मी त्यांना सतत सांभाळत होते. हे खाऊ नका, तिकडे चढू नका, जॅकेट घाला. तुम्ही त्यांच्या हातात दगड दिलात. दहाची गाडी पिशवी घेऊन आली तेव्हा त्यांनी गोळ्या आधी घेतल्या नाहीत, हात धुतले.

सोबत पार्सल पाठवते आहे. त्यातली काळी, चुरगळलेली सालं म्हणजे आमसुलं. नुसती चावायची नाहीत, पाण्यात भिजवून ते पाणी प्यायचं, साखर घालून. पिवळा पुडा मेतकुटाचा, तो तुमच्या ऑलिव्हच्या तेलात कालवून बघा. आमच्याकडे असं कुणी करत नाही, पण बाबांना वाटतं जमेल.

आणि त्यांचा एक निरोप आहे. डाव्या कोपऱ्यातला, वरून दुसरा दगड त्यांनी बसवला होता. गाडीची वेळ झाली म्हणून त्याच्यामागे खडी कमी पडली. पावसाळ्यानंतर तो हलला का, तेवढं कळवा.

तुमची,
पिशवी विसरणारी मुलगी