सुपारी, ढब्बू आणि आपला घाट

गाइसलिंगेन, जर्मनी
रविवार, सकाळ

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर माझ्या माळ्यावरच्या मॉडेल रेल्वेचा, म्हणजे तुम्ही इंजिन चालवायचात त्या कर्जत-खंडाळ्याच्या बोरघाटाचा, आणि सुपारी-ढब्बू या माझ्या दोन मांजरांचा विषय निघाला. तुम्ही म्हणालात, "वर्षभर राबून घाट उभा केलास आणि त्यावर मांजरं लोळतात? कडेनं डांबराच्या गोळ्या टाक, तिखट भुरभुर, नाहीतर दार लावून घे." आई मागून काहीतरी सांगत होती, तेवढ्यात फोन कटला आणि उत्तर माझ्याजवळच राहिलं. फोनवर ते नीट सांगताही आलं नसतं. म्हणून आज सकाळी चहा घेऊन लिहायलाच बसले.

आधी त्या गोळ्यांचं. बाबा, डांबराच्या गोळ्या मांजराला विषारी असतात. पंजाला लागलं की मांजर चाटून साफ करतं, म्हणजे जे जमिनीवर टाकू ते पोटात गेलंच म्हणून समजा. तिखटाचंही तेच, डोळे आणि नाक भाजून निघतं बिचाऱ्यांचं. इथल्या एका ओळखीच्या आजोबांनी संत्र्याच्या सालीचं तेल आणि टी ट्रीचं तेल सुचवलं होतं. वास मांजरांना आवडत नाही हे खरं, पण असली तेलं त्यांच्या यकृताला पचवता येत नाहीत. आपल्या यकृतात जी सोय असते ती त्यांच्यात फार अपुरी. तेव्हा वासाचे उपाय मी पहिल्याच आठवड्यात बाद केले. दार लावायचं म्हणाल, तर माळ्यावरच्या खोलीला दारच नाही, जिना थेट वर उघडतो. घर भाड्याचं, दार बसवायला परवानगी नाही.

आता जे झालं ते सांगते. आईला मी अर्धंच सांगितलं होतं.

तुमचा खेकडा पडला.

तुम्हाला मी फोटो पाठवला होता तो. स्विस मगर म्हणतात इथे त्या इंजिनाला, गोटहार्डच्या घाटात चालायचं ते. तुमच्या लहानपणी कल्याणला धापा टाकत यायचा तो खेकडा याच घराण्यातला. त्यातले पहिले काही तर स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्याच कारखान्यात तयार झाले होते. आपल्या खेकड्याचं मॉडेल मला इथे मिळेना, म्हणून जुन्या बाजारातून मेर्क्लिन या खेळण्यातल्या रेल्वेच्या जर्मन कंपनीची ही हिरवी मगर घेतली आणि मनातल्या मनात तिला खेकडा म्हणायला लागले. तशीच पुढे आलेली दोन नाकं, तशाच चाकांना जोडणाऱ्या दांड्या. सगळं ओतीव धातूचं, हातात घेतलं की वजन कळतं.

त्या रात्री तो घाटात, बोगद्याच्या तोंडाशी उभा होता. पहाटे चारला धप्प आवाज आला. वर जाऊन पाहते तर सुपारी बोगद्यातून डोकं बाहेर काढून बसलेली, आणि खेकडा सव्वा मीटर खाली फरशीवर आडवा. छपरावरचा एक पँटो, म्हणजे विजेच्या तारेला टेकणारा दांडा, मुडपला होता, धक्का झेलणारा एक बफर तुटून कपाटाखाली गेला होता. वर ओव्हरहेडची हातभर तार खांबांसकट खाली ओढलेली. मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. रडू आलं, बाबा. इंजिनाची किंमत होतीच, पण ते चालताना मला तुमचा आवाज ऐकू यायचा.

सुपारीवर ओरडले नाही. ती बोगद्यात गेली कारण बोगदा आहे. अंधारं, तिच्या खांद्याच्या मापाचं भोक आणि आत काहीतरी हललेलं. मांजराला याहून मोठं आमंत्रण नाही. मग मी आठवडाभर गाड्या बंद ठेवल्या आणि दोघांना नुसतं पाहात बसले. कोण कुठून चढतो, कुठे थांबतो, किती वेळ बसतो, हे सगळं एका वहीत लिहून काढलं, तुम्ही ड्युटीच्या वहीत नोंदी करायचात तसं.

ढब्बूचं कारण सोपं निघालं. त्याला गाड्यांशी देणंघेणं नाही. तो कर्जत यार्डात येऊन बसायचा, नेमका जिथे खाली ट्रान्सफॉर्मर आहे तिथे. हात लावून पाहिलं तर फळी कोमट. साडेसहा किलोचा बोका, त्याला ऊब हवी आणि दोन्ही बाजूंना नजर टाकता येईल अशी जागा हवी. सुपारीचं वेगळं. तिला हलणारं हवं, आणि त्याहून जास्त, थरथरून थांबणारं हवं. गाडी सुसाट गेली तर ती फक्त मान फिरवते. पण चढावर इंजिन अडखळलं, जरा थांबून पुन्हा सरकलं, की तिचं मागचं अंग हलायला लागतं. उंदीर असाच वागतो ना. शिवाय मला वाटतं तिला इंजिनं ऐकूही येतात. डिजिटल इंजिनातली मोटर आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून फार वरच्या पट्टीत चालवतात. माणसाचा कान सेकंदाला वीस हजार कंपनांशी संपतो, मांजराचा साठ हजारांच्याही पुढे जातो. मला जिथे शांतता वाटते तिथे तिला शिटी ऐकू येत असेल.

रुळांतल्या विजेची काळजी करू नका. तुमच्या घाटात डोक्यावर दीड हजार व्होल्ट असायचे, माझ्या रुळांत वीसच्या आतबाहेर. पंजाला काही होत नाही. भीती आहे ती भिंतीतून ट्रान्सफॉर्मरला येणाऱ्या २३० व्होल्टच्या वायरीची. ती मी आता जाड प्लास्टिकच्या नळीत घातली आहे. आणि दुसरी भीती दोऱ्याची. तारखात्याच्या खांबांवर मी बारीक लवचिक दोरा ओढला होता. एका सकाळी त्यातला वीतभर गायब. डॉक्टरकडे धावले. तेव्हा कळलं की दोरा मांजराच्या आतड्यात अडकून आतडं चुण्या पडल्यासारखं गोळा होऊ शकतं, आणि तोंडातून किंवा मागून टोक दिसलं तरी ते घरी कधीही ओढायचं नाही. त्या खेपेला दोरा सोफ्याखाली सापडला. तरी त्याच दिवशी सगळे दोरे काढून टाकले. आपल्या घाटाला तारखात्याच्या तारा नाहीत, चालेल.

खडीचाही धडा मिळाला. कर्जत यार्डात सुकी खडी पसरून ठेवली होती, गोंद दुसऱ्या दिवशी टाकू म्हटलं. मांजराला ती खडी म्हणजे तयार शौचालय वाटलं. धुवून, पुसून, दोन मीटर रूळ उखडून पुन्हा टाकावे लागले, कारण तो वास एकदा मुरला की ते परत तिथेच येतात. आता जेवढी खडी टाकते तेवढी त्याच बैठकीत चिकटवते आणि वाळेपर्यंत वर जाळीची चौकट ठेवते. खाली शौचाच्या पेट्याही दोनाच्या तीन केल्या. दोन मांजरांना तीन, असा इथे सगळे हिशोब सांगतात.

आणि केस! केसांबद्दल कोणी मला आधी सांगायला हवं होतं. गाडी चढावर मध्येच बंद पडायची. मेर्क्लिनच्या इंजिनाला पोटाखाली एक लांब पट्टी असते, ती दोन रुळांच्या मधल्या बारीक खिळ्यांवरून घासत वीज घेते. त्या पट्टीखाली केसांचा पुंजका आला की वीज तुटते. एका रात्री खेकडा उलटा करून मऊ फडक्यावर ठेवला, डोळ्याला भिंग लावलं आणि चिमटा घेतला. मागच्या आसावर, चाक आणि दातेरी चक्राच्या मधल्या फटीत, केस असे गुंडाळले होते की शिवणयंत्राच्या बॉबिनवर दोरा. वरचे चार पांढरे, ढब्बूचे. त्याखाली सुपारीचे तपकिरी, तेलात भिजून काळे पडलेले. एकेक टोक शोधून, आस उलटा फिरवत सोडवत गेले. पावणेदोन तास लागले. शेवटचा केस निघाला तेव्हा चाक बोटाच्या टोकानं सर्रकन फिरलं. तेव्हापासून शनिवारी दोघांना विंचरते आणि मग खोली झाडते, उलट क्रमानं नाही.

मग उपाय. टेबल उंच करून काही होत नाही. मांजर उभ्या जागेवरून माणसाच्या छातीएवढं सहज उडतं. हालचाल झाली की फुस्स करून हवा सोडणारा डबा आणला होता. ढब्बूनं एकदा चमकून पाहिलं आणि झोपला. सुपारी मात्र दोन दिवस पलंगाखालून बाहेर आली नाही, जेवली नाही. मी तो डबा परत केला आणि तिची माफी मागितली. माझ्याच घरात तिला भीती वाटावी हे मला नको आहे. गाड्यांवर चादर पसरून पाहिली, तर ढब्बूला झोळी मिळाली आणि चादरीखाली सिग्नल मोडले.

त्याच आठवड्यात एका रात्री मला कॅच सायडिंग आठवली.

मी सात-आठ वर्षांची असेन. तुम्ही मला खंडाळ्याला नेलं होतंत आणि रुळांमधून चढावर निघून जाणारा तो एकटा फाटा दाखवला होतात. मी विचारलं, हा कुठे जातो? तुम्ही म्हणालात, कुठेच नाही. गाडीचे ब्रेक गेले तर घाटात तिला कोणी धरू शकत नाही, म्हणून तिला हा रस्ता ठेवायचा, वर चढत चढत ती आपली आपण थांबते. आणि मग सांगितलंत की सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी, कायम त्या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडी आधी उभी राहिली, सगळं ताब्यात आहे असं दिसलं, की मगच मुख्य मार्गाचा सांधा लागतो. मला तेव्हा हे उलटं वाटलं होतं.

तर बाबा, मी मांजरांचा सांधा बदलला.

खिडकीशी, टेबलाहून दोन हात उंच, एक रुंद फळी ठोकली. खाली उतरत्या तीन पायऱ्या, त्यांना गोणपाट. फळीवर खोका, खोक्याला बोगद्यासारखं तोंड, आणि खालून कोमट राहणारी गादी. जिन्यावरून वर आलं की पहिली पायरी समोरच येते, टेबल नंतर. म्हणजे काही न ठरवता मांजर चढलं तर ते फळीवरच जातं. टेबलाजवळची खुर्ची आणि पुस्तकांची थप्पी हलवली, कारण तीच त्यांची उडी मारायची जागा होती. टेबलाच्या कडेला वीतभराहून थोडी उंच पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी लावली. बोगद्यांच्या तोंडांना गाडी नसताना जाळीची झाकणं. ट्रान्सफॉर्मर खाली, बंद पण हवेशीर खोक्यात.

आणि रोज संध्याकाळी गाडी सोडण्याआधी पंधरा मिनिटं सुपारीशी पिसाच्या काठीनं खेळते. तिला धावू देते, दडू देते, आणि शेवटी पीस पकडू देतेच. पकडायला मिळालं नाही तर ती तशीच तापलेली राहते. मग लगेच जेवण. जेवली की ती अंग चाटते आणि झोपते. त्यानंतर मी मेन स्विच लावते. खेळणं झालं की काठी कपाटात, दोरी बाहेर ठेवायची नाही.

त्या खिडकीतून काय दिसतं माहीत आहे? गाइसलिंगेनचा खरा रेल्वेचा चढ. १८५० साली गाड्या सुरू झाल्या तिथे, आपल्या बोरघाटाच्या तेरा वर्षं आधी. साडेचव्वेचाळीसला एक, म्हणजे तेवढे मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आपला सदतीसला एक, म्हणजे आपलाच जास्त उभा, हे मी इथे सगळ्यांना सांगत असते. २०२२ च्या डिसेंबरात नवा वेगवान मार्ग झाला, तेव्हापासून बऱ्याच वेगवान गाड्या तिकडून जातात, पण मालगाड्या अजून याच चढावर येतात, आणि जड असली की मागून बँकर, म्हणजे ढकलणारं इंजिन, लावतात. मागच्या इंजिनाचा आवाज दरीतून वर येतो तेव्हा सुपारीचे कान आधी वळतात, मग माझी मान. तुम्ही कर्जतहून गाडी ढकलत वर न्यायचात आणि रिकामं इंजिन घेऊन उतरायचात, ते मी रोज या खिडकीत बघते.

चार महिने झाले. ढब्बू टेबलावर एकदाही आला नाही, गादी सोडतच नाही तो. सुपारी तीनदा आली. तिन्ही वेळा मी कामावरून उशिरा आले होते आणि खेळ चुकला होता. एकदा एक झाड गेलं, बाकी काही नाही. खेकड्याचा पँटो मी हलक्या पकडीनं सरळ केला, बफर कपाटाखाली सापडला तो बसवला. नाकावर ओरखडा आहे, तो तसाच ठेवला आहे. काल रात्री सात डबे घेऊन तो न थांबता खंडाळ्यापर्यंत चढला. सदतीसला एकच चढ आहे, मी मोजून केलाय, मीटरला सत्तावीस मिलिमीटर.

आता एक काम आहे तुमच्याकडे. घाटातल्या मंकी हिलजवळ, टेबलावर मी साठ सेंटिमीटर जागा रिकामी सोडली आहे. तिथे कॅच सायडिंग करायची आहे. फोटोंत मला सांधा नीट कळत नाही. तुम्ही हातानं काढून पाठवा, कागदावर, पेन्सिलीनं: फाटा कुठून सुटतो, सिग्नल कोणत्या हाताला, सांधेवाल्याची केबिन कुठे होती आणि तिच्या मागे ते आंब्याचं झाड होतं की जांभळाचं. दादाला फोटो काढून पाठवायला सांगा, पण मूळ कागद जपून ठेवा. मेमध्ये याल तेव्हा घेऊन या.

आईला सांगा, मांजरं खिडकीत असतात, स्वयंपाकघरात नाहीत. गुडघ्याचा पट्टा लावत जा.

तुमची
धाकटी